बाटली उघडण्याआधी तूस मुठीत घे

भावा, ब्रॉयलर कोंबड्यांच्या पहिल्याच लॉटला दुकानदाराने औषध-टॉनिकच्या पाच बाटल्या गळ्यात मारल्या म्हणतोस, म्हणून लिहितोय. हजार स्क्वेअर फुटांत हजारच्या वर पक्षी कोंबलेस तर कुठलंच टॉनिक पुरं पडणार नाही. आधी पाण्याच्या निपलखालचं, जमिनीवर अंथरलेलं तूस मुठीत दाब. गोळा झाला आणि सुटलाच नाही, तर ओल जास्त आहे. अमोनियाचा वास आणि कॉक्सी (आतड्याचा रोग) तिथूनच सुरू होतात. रोज तूस खालवर कर, पडदे उघड.

प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू. क्लोरीनच्या पाण्यात किंवा अँटिबायोटिकसोबत दिलंस तर मरतात, पैसे वाया. साध्या पाण्यात दे, दोन-तीन तासांत संपेल एवढंच.

खाद्याच्या पिशवीवरचं लेबल मात्र नीट वाच. त्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन (कॉक्सी रोखायची औषधं) असेल तर सीआरडीसाठी, म्हणजे श्वासाच्या जुनाट आजारासाठी, टियामुलिन हे अँटिबायोटिक चुकूनही देऊ नकोस. पक्षी पायाने लुळे पडतात, मरतात. माझ्या पहिल्या बॅचला हेच झालं, सकाळी शेडमध्ये पाय ठेववेना.

आणि कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोंबड्यांसाठी कुणी दिलं तर परत कर, 2019 पासून बंदी आहे. उन्हाळ्यात दुपारी इलेक्ट्रोलाइट आणि व्हिटॅमिन सी, एवढ्यावर मी तरी खर्च करतो.