कलमा लग्नापुरता?

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा, आर्णीजवळच्या खेड्यातला. मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाच वक्ताचा नमाजी आहे. गावातल्याच बौद्ध घरच्या मुलीशी लग्न करायचंय. तिच्या बाबांची विहिरीवरची मोटर जळाली तेव्हा ओळख झाली. ती म्हणते, "पढतो ना मी कलमा, काय होते त्यानं?" अम्मीलाही तेवढंच पाहिजे. पण मनात नसताना इस्लाम कबूल करायचा कलमा पढला तर तो खरा का? आणि नाही पढला तर निकाह होतो का? दीन, म्हणजे आपला धर्म, सोडवत नाही, तीही सोडवत नाही.

उत्तर : अम्मीला चालतंय, पोरीला चालतंय, अडलंय ते तुझ्याच मनात. बरं झालं अडलं. दीनमध्ये जबरदस्ती नाही, हे कुराणाच्या दुसऱ्या सूरेतलं तू माझ्याहून चांगलं जाणतोस. लग्नाची अट घालून कलमा पढवणं मला गोडीगुलाबीची जबरदस्तीच वाटते.

पण अख्ख्या पत्रात तिचा धर्म एकदाच येतो, 'बौद्ध घरची' म्हणून. तिच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोल. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्याकडची माणसं शिदोरी बांधून नागपूरला गेली, बाबासाहेबांच्या तोंडून २२ प्रतिज्ञा ऐकून घेतल्या, घरी येऊन देव्हारे रिकामे केले. तुला दीन घरातून मिळाला. त्यांनी धम्म ठरवून घेतला. 'काय होते' असं पोरगी म्हणते, कारण ती प्रेमात आहे. तिचा बाप तसं म्हणणार नाही.

आता निकाहाचं. मी वकील नाही, मुफ्तीही नाही. बहुतेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, बौद्धांना अहले किताब (यहुदी-ख्रिस्तींसारखे ईश्वरी ग्रंथ मिळालेले) धरत नाहीत, त्यामुळे कलम्याशिवाय काझी तयार होणं अवघड. कोर्टाच्या लेखी असा निकाह 'फासिद', म्हणजे सदोष; 'बातिल', म्हणजे मुळातच रद्द, नव्हे. हिंदू पत्नीच्या एका प्रकरणात २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हेच धरलं : मुलं औरस, त्यांना वारसा आहे, बायकोला मेहर, पण नवऱ्याच्या मिळकतीत वाटा नाही. उद्या शॉक लागून तुझं बरंवाईट झालं तर दुकानात तिचं काही नाही. कडू लिहिलं, पण तुझा धंदाच तसा आहे.

दुसरा रस्ता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. धर्म कोणीच बदलायचा नाही. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ३० दिवस थांबायचं, तीन साक्षीदार न्यायचे. वय, आधीचं लग्न अशा कारणांवरून हरकत घेता येते, धर्मावरून नाही. पुढे तुझ्या मिळकतीला भारतीय वारसा कायदा लागतो : मुलंबाळं असली तर बायकोला एक तृतीयांश, बाकी मुलामुलींना सारखं. तुझ्या मनातला निकाह मात्र यानं होत नाही, आणि ते ओझं सरकारी शिक्क्यानं उतरायचं नाही. त्यासाठी जाणत्या आलिमाकडे जा, आणि 'एका दोस्ताचं आहे' म्हणू नकोस.

माझं मत विचारशील तर तिला लग्नासाठी कलमा पढू देऊ नकोस. पुढे कधी तिला मनापासून वाटलं तर तिचं ती बघेल. बायको बौद्धच राहणार, हे तुला पेलणार नसेल तर आत्ताच तिला सांग. तिला स्थळं येत असतील, तिचा वेळ घालवू नकोस.

आणि ती नोटीस कचेरीच्या फलकावर लागते, बरं का. कोणी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला की अब्बूंना चहाच्या टपरीवर कळेल. त्याआधी दोन्ही घरी स्वतः सांगा. जिवाची भीती वाटली तर पोलीस अधीक्षकांकडे आधीच लेखी अर्ज द्या. तिच्या बाबांशी बोलायला तिला एकटीला पाठवू नकोस, तू सोबत जा.