आंधळ्या माशांची देखभाल

प्रश्न : नुकतेच आणलेले दोन आंधळे गुहामासे सतत काचेलगत फिरतात. ते आपटतील, उपाशी राहतील, अशी भीती वाटते. काय करावे?

उत्तर : भीती अनाठायी आहे. मेक्सिकोतील गुहांमध्ये आढळणाऱ्या या माशांचे डोळे पिल्लावस्थेतच खुरटून त्वचेखाली झाकले जातात. मात्र अंगावरील पार्श्वरेषेने (शरीराच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदी इंद्रियांच्या रांगेने) पाण्याच्या हालचालीतील सूक्ष्म बदल टिपत ते वाट काढतात आणि काचेलगतच्या फेऱ्यांतून नव्या जागेची ओळख करून घेतात. म्हणूनच टाकीतील दगड वारंवार हलवू नयेत (हौशी मंडळींना हा मोह आवरत नाही!) आणि टोकदार वस्तू मुळीच ठेवू नयेत. बुडणारे खाद्य ते वासाने व चवीने अचूक शोधतात. पाणी २० ते २५ अंश सेल्सिअस ठेवावे. मासे दोनऐवजी सहा असावेत. लांब परांचे सोबती मात्र टाळावेत, कारण हे आंधळे मासे ते पर कुरतडतात.