प्रत्यावर्ती, दिष्ट आणि साइन वेव्हमधली जीवा

एका ताईंनी विचारलंय, मुलगी दहावीत आहे, विज्ञानात एसी विजेला प्रत्यावर्ती आणि डीसी विजेला दिष्ट म्हणतात, इतके जड शब्द काहून, अन् 'साइन वेव्ह'ला मराठीत काही आहे का?

ताई, जड वाटतात खरे, पण या दोघांचे नातेवाईक तुमच्या घरातच आहेत. गणपतीत आपण अथर्वशीर्षाची २१ आवर्तनं करतो, तबल्यावर तीनतालाचं आवर्तन १६ मात्रांत फिरून समेवर येतं, ते आवर्तन आणि हे प्रत्यावर्ती एकाच 'वृत्' धातूतले, वृत् म्हणजे फिरणं, प्रति लागलं की उलट फिरणं. एसी तेच करते, एका बाजूनं चढली, उतरली, शून्यावर आली, मग उलट्या बाजूनं तसंच, हे झालं एक आवर्तन. आपल्याकडे सेकंदाला अशी ५०, म्हणजे दिशा १०० वेळा बदलते. जुन्या ट्यूबलाइटचा चोक घूं घूं करतो ना, कान देऊन ऐका, ती सेकंदाला १०० वेळाची थरथर आहे. आणि हे ५० येतात कुठून, तर आपल्या कोराडीसारख्या वीज केंद्रात टर्बाइनला जोडलेला रोटर, म्हणजे जनित्राचा फिरणारा भाग, मिनिटाला ३००० फेरे घेतो, भागिले ६०, एक फेरा म्हणजे एक आवर्तन. म्हणून मला हा शब्द फार नेमका वाटतो, फिरण्यातूनच ती वीज जन्मते.

दिष्ट म्हणजे 'दिश्'पासून, उद्दिष्ट-निर्दिष्टमधला. जिची दिशा ठरलेली आहे ती, बॅटरीची.

आता साइन. ही गोष्ट मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो. मुलीला भूमितीत वर्तुळाची जीवा आहेच. जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या सुमारास अर्ध्या जीवेचं, अर्धज्येचं कोष्टक दिलं, पुढे नुसतं ज्या किंवा जीवा म्हणू लागले. अरबांनी ते 'जीबा' असं घेतलं, पण त्यांच्या लिपीत बहुतेक स्वर लिहीत नाहीत, उरलं ज-ब, ते पुढे कोणी 'जैब' वाचलं, म्हणजे कपड्याचा गळा, आणि १२ व्या शतकात लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर झालं सायनस. तेच साइन. आणि आपण नागपुरात पैसे ज्या जेबात ठेवतो ती जेब पण त्याच जैबमधून आलेली! फिरत्या रोटरवर एका जागी खूण करा, ती मधल्या रेषेपासून किती वर-खाली आहे ते मोजत जा, ती उंची म्हणजेच अर्धी जीवा, ती वेळेप्रमाणे कागदावर मांडली की साइन वेव्ह, म्हणजे एसीच्या चढ-उताराची लाट, तयार. माझ्या जुन्या स्वस्तातल्या इन्व्हर्टरची लाट चौकोनी होती, लाइन गेली की पंखा गुरगुरत राहायचा, साइन वेव्हवाला आणला तेव्हा एकदम गुपचूप. तर मराठीत तुम्ही बिनधास्त 'ज्या-तरंग' म्हणू शकता, पण दुकानात साइन वेव्हच मागा.

पेपरात लिहिताना एवढं सांभाळा, 'प्रत्यावर्ती धारा' सुटं लिहिलं तर त्यातला 'ती' दीर्घ, जोडून लिहिलं तर पक्षिमित्रसारखी ऱ्हस्व, 'प्रत्यावर्तिधारा'. मी सुटंच लिहितो.