बोअरच्या पाण्यावर फिल्म डेव्हलप होते का?

तुम्ही विचारलंय, घरी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म डेव्हलप करायला बोअरचं पाणी चालेल की डिस्टिल्डच लागेल. चालतं. फक्त शेवटचं पाणी बोअरचं नको. हे लातूरहून सांगतोय. पुणेकरांचं यात ऐकू नका.

आमचे दाजी पुण्याचे. खडकवासल्याच्या कमी क्षाराच्या पाण्यावर रोल धुतलेला माणूस, त्यामुळे ठाम मत: "पाण्यानं काही होत नसतं रे, तुझा हात स्वच्छ नाही."

२०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, भाचीचं बारसं आमच्याकडे झालं. रोल मी घरीच धुतला. टँकरच्या पाण्याला आई हात लावू देईना. राहिलं बोअर, ज्यात तुरीची डाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी दाताखाली येते. डेव्हलपिंग झकास झालं. डेव्हलपरच्या, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनाच्या, तयार पुडीत क्षार आवरणारं रसायन सहसा असतंच. घोळ झाला वाळताना. टांगलेल्या फिल्मवर थेंब राहिले, पाणी उडालं, क्षार तिथंच बसले. प्रिंटमध्ये बाळाच्या गालावर पांढरं कडं! दाजींनी फोटो हातात घेतला आणि पाहुण्यांसमोर पुन्हा तेच, हात.

मी तीच पट्टी पांढऱ्या व्हिनेगरच्या पातळ पाण्यातून काढली, मग बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवली. कडं गेलं. दुसरी प्रिंट दाजींना दिली, तर म्हणाले, "आता नीट धुतलीस." काय बोलणार!

तर फिक्सरनंतर, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणाऱ्या रसायनानंतर, नळ सोडून बसू नका, आपल्याकडे ते पापच. फिल्म डेव्हलप करायच्या झाकणाच्या डब्यात पाणी भरून ५ वेळा उलटसुलट करा, ओता. मग नव्या पाण्यात १० वेळा, मग पुन्हा नव्या पाण्यात २०. इल्फर्ड या फिल्म बनवणाऱ्या कंपनीची पद्धत आहे, ३५ एमएमच्या रोलला लिटरभरात भागतं. हार्डनरवाला, म्हणजे फिल्मचा थर कडक करणारा, फिक्सर असेल तर मात्र जास्त धुवावं लागतं. शेवटी डिस्टिल्डमध्ये वेटिंग एजंटचे, म्हणजे पाणी थेंब न धरता निथळावं म्हणून घालायच्या द्रवाचे, दोन थेंब. घरच्या आरओचंही चालेल, पण त्याच्या नळीतून वाया जाणारं नको, सगळे क्षार त्यातच.

डेव्हलपर सुट्या रसायनांपासून बनवत असाल तर तोही डिस्टिल्डमध्येच कालवा. आणि हो, एप्रिल-मेमध्ये क्षारापेक्षा उष्णता छळते. डेव्हलपर २० अंशांवर आणि धुवायचं पाणी ३० च्या वर, असं करू नका. बर्फ बाटलीच्या बाहेरून लावा. दाजी आत टाकायचे.