वॉरंटीत फोन बदलून मिळतो तेव्हा हातात नेमकं काय येतं?

तुम्ही विचारलंय की सात महिन्यांपूर्वी घेतलेला फोन आपोआप बंद पडतो, ठाण्याच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी 'बदलून देऊ' म्हटलंय; तर सीलबंद नवा मिळेल का, वॉरंटी पुन्हा वर्षाची होईल का, आणि फोटोंचं काय? बहुतेक नाही, सहसा नाही, आणि फोटो आज रात्रीच काढून घ्या.

मी कोपरखैरण्याची. गेल्या पावसाळ्यात वाशीतल्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या पाच फेऱ्या मारल्यात, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी त्या 'बदलून देऊ'चा अर्थ काउंटरवरच विचारून घ्या. काय बदलणार, आतला मदरबोर्ड, म्हणजे फोनचं मुख्य सर्किट, की अख्खा हँडसेट? सीलबंद डबा सहसा घेतल्यापासून पहिल्या काही दिवसांतच बिघडलेल्या फोनला मिळतो. त्याला तिथली मंडळी 'डीओए' म्हणतात, म्हणजे डब्यातूनच मेलेला निघालेला. ते दिवस उलटले की वॉरंटीच्या बारीक अक्षरांत साधारण असंच असतं: आधी दुरुस्ती, नाही जमली तर बदली, आणि दोन्हींतलं काय ते कंपनी ठरवणार. बदली मिळणारा हँडसेट पुष्कळदा कारखान्यात दुरुस्त करून, तपासून पाठवलेला असतो. माझा तसाच होता. साध्या पांढऱ्या खोक्यात आला, सोबत ना चार्जर ना केबल. मी निळा दिला होता, काळा मिळाला. तोंड जरा वाकडं झालं खरं, पण फोन ठणठणीत चाललाय, तेव्हा 'रिफर्बिश्ड' शब्द ऐकून लगेच भांडायला उठू नका.

वॉरंटी जुन्या बिलाच्या तारखेपासूनच मोजतात. तुमचे पाच महिने उरलेत, तेवढेच धरून चला. मुदत संपत आली असेल तर काही कंपन्या बदली फोनवर नव्वद दिवस देतात, पण तो मुद्दा तुम्हाला लागू होत नाही.

फोटोंचं एवढ्यासाठी म्हटलं की स्टोरेजची चिप मदरबोर्डवरच जडवलेली असते. बोर्ड गेला की त्यावरचं सगळं गेलं, मग फोन बदलो वा न बदलो. आणि तुम्ही दिलेला फोन परत मिळत नाही. अजून चालू होतोय तोवर बॅकअप घ्या, गूगलचं किंवा ॲपलचं खातं त्यातून काढा, फोन शोधण्याची सोय बंद करा. खातं तसंच राहिलं तर फोन कुलूपबंद समजून तुम्हालाच परत बोलावतात.

आता काउंटरवरची गंमत. माझा फोन हातात घेतल्या घेतल्या त्या मुलाने सिमचा ट्रे बाहेर काढला आणि खाचेत टॉर्च मारून एक डोळा बारीक करून बघायला लागला. आत पांढऱ्या कागदाचा चिमुकला तुकडा असतो, पाणी लागलं की लाल होतो. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, पर्ससुद्धा ओली. माझा जीव टांगणीला. लाल निघाला असता तर विषय तिथेच संपला होता, कारण फोन जलरोधक म्हणून विकलेला असला तरी पाण्याने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. पांढरा निघाला.

मग त्याने जॉबशीट, म्हणजे फोन जमा केल्याचा कागद, छापली आणि सहीसाठी पुढे सरकवली. 'फोनची अवस्था' या रकान्यात होतं: सगळीकडे ओरखडे, कोपऱ्याला डेंट. मी म्हटलं, "दादा, डेंट कुठे आहे तेवढं दाखवा." तो म्हणाला, "मॅडम, ते आम्ही सगळ्यांनाच लिहितो." सगळ्यांना लिहा, मला नको. उद्या वर कुणी 'फोन पडलेला दिसतोय' म्हणून बदली नाकारली तर माझीच सही माझ्याविरुद्ध उभी राहणार. दोन मिनिटं कुरकुर केली, पण नवी शीट काढून दिली. तुम्हीही सही करण्याआधी तो रकाना वाचा आणि तिथेच फोनचे चारी बाजूंनी फोटो काढा.

फोन आपोआप बंद पडतानाचा व्हिडिओही काढून ठेवा. असला बिघाड सेंटरमध्ये गेलं की हमखास गायब होतो, पाहुणे आल्यावर कार्टं शहाण्यासारखं वागतं तसा. पहिल्या खेपेला मला 'दोष आढळला नाही' लिहून, सॉफ्टवेअर नव्याने टाकून फोन परत दिला होता. दुसऱ्या खेपेला व्हिडिओ दाखवला तेव्हा कुठे मदरबोर्डचं नाव निघालं, आणि बोर्ड उपलब्ध नाही म्हणून शेवटी बदली.

लोक चुकतात ते आयएमईआयपाशी. हा पंधरा आकडी क्रमांक म्हणजे फोनची ओळख. हँडसेट बदलला की तो बदलतो, बोर्ड बदलला तरी बदलू शकतो. तुमच्या बिलावर मात्र जुनाच क्रमांक राहतो. म्हणजे कागद एका फोनचा आणि हातात दुसरा. म्हणून जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक असलेलं, शिक्क्याचं पत्र घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. मला 'सिस्टिममध्ये अपडेट आहे' एवढंच सांगून वाटेला लावत होते. मी खुर्ची सोडली नाही. तीन महिन्यांनी चार्जिंग पोर्ट ढिला झाला तेव्हा काउंटरवर दुसराच मुलगा होता. 'बिल या फोनचं नाहीये' म्हणाला. पत्र पुढे केलं, विषय मिटला. दुकानातून स्क्रीनचा विमा किंवा जादा वॉरंटी घेतली असेल तर त्यांनाही हे पत्र मेलने पाठवा, कारण त्यांच्याकडे जुन्याच क्रमांकाची नोंद असते.

मिळालेल्या फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, दिसणारा क्रमांक पत्राशी ताडून बघा. मग केवायएम ही तीन अक्षरं इंग्रजीत टाइप करून, एक जागा सोडून तो क्रमांक लिहा आणि १४४२२ वर एसएमएस करा. दूरसंचार खात्याच्या नोंदीत तो फोन कोणता आहे ते कळतं, काळ्या यादीत असेल तर तेही. कॅमेरा, दोन्ही स्पीकर, बोटाचा ठसा, दोन्ही सिम हे सगळं तिथेच तपासा. घरी येऊन कळलं तर पुन्हा पहिल्यापासून.

मधल्या दिवसांची सोय हा वेगळाच ताप. मला सोळा दिवस लागले. सिम बाबांच्या जुन्या बटणवाल्या फोनमध्ये घातलं, ओटीपी येत राहिले, पण यूपीआय बंद. भाजीवाल्या मावशींकडे पहिल्याच दिवशी उधारी झाली. व्हॉट्सॲप ऑफिसच्या लॅपटॉपवर आधीच जोडलेलं होतं म्हणून निभावलं, पण मूळ फोन चौदा दिवस वापरला नाही की जोडलेल्या उपकरणांवरून ते बाहेर पडतं, आणि माझं नेमकं पगाराच्या आठवड्यात पडलं. नव्या फोनवर यूपीआय सुरू केल्यावरही पहिले चोवीस तास बँका मर्यादा कमी ठेवतात. घरभाडं त्या दिवशी द्यायचं ठरवू नका.

टाळाटाळ झालीच तर आधी कंपनीला मेल करा, जॉबशीटच्या क्रमांकासकट. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. माझं गाडं तिथे तक्रार नोंदवल्यावरच हललं. त्याच्याही पुढे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे: राहत्या ठिकाणच्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे तुम्हाला ठाण्यातच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि आयोग नवी वस्तू किंवा पैसे परत द्यायला सांगू शकतो. बहुतेकांवर तिथवर जायची वेळ येत नाही.

आणि हो, फोन देताना कव्हर आणि मेमरी कार्ड काढून घ्या. टेम्पर्ड ग्लास मात्र फोनबरोबर जाते. माझी चार दिवसांपूर्वीच लावलेली होती, चारशे रुपयांची.