हँडस्ट्रॅप घेण्याआधी करंगळी बघ
कॅमेरा लेन्ससकट उजव्या हातात धर. करंगळी खाली लोंबकळतेय? मग आधी हँडस्ट्रॅप, म्हणजे हाताभोवती आवळायचा कॅमेऱ्याचा पट्टा, नको; तळाला लागणारी एक्स्टेंशन ग्रिप घे. छोट्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याच्या बॉडीला तीच खरी कामाची. फक्त ती न काढता बॅटरी आणि कार्ड बाहेर निघतं ना, आणि खाली ट्रायपॉडसाठी १/४ इंची आटे आहेत ना, हे दुकानातच तपास. हँडस्ट्रॅप इतकाच आवळ की तर्जनी शटरवर सहज पोचेल. फार घट्ट केलास तर मागची बटणं दाबताना अंगठा अडतो. चामड्याचा दिसतो झकास, पण आपल्या पावसाळ्यात बुरशी धरतो. बॅटरी ग्रिप, म्हणजे जादा बॅटरी मावणारी तळाची मूठ, उभ्या फोटोंना सोयीची, वजन मात्र वाढतं. आणि ७०-२०० मिमी झूमसारखी जड लेन्स लावलीस की भार डाव्या तळहातावरच घ्यायचा, पट्टा कुठलाही असो.