बीबीएफ पेरणी गटाने करायची तर: यंत्राचा क्रम, बियाण्याचं माप आणि दुकानदाराचा सल्ला

मराठवाडा आणि वाशीममधल्या कोरडवाहू सोयाबीन उत्पादकांनी गट करून रुंद वरंबा सरी, म्हणजे बीबीएफ पद्धतीने (रुंद वरंब्यावर चार ओळी, दोन्ही बाजूंना सरी) पेरणी करण्याबाबत विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: आमचा 22 जणांचा गट आहे, सगळ्यांचं मिळून 55 एकर सोयाबीन. शेतकरी उत्पादक कंपनी एक बीबीएफ यंत्र द्यायला तयार आहे, कृषी विज्ञान केंद्र प्रशिक्षण देणार आहे. नियोजन कसं करावं? (हिंगोली)

उत्तर: आधी हिशेब करा. बीबीएफ यंत्र दिवसाला 5 ते 6 हेक्टर, म्हणजे 12 ते 15 एकर पेरतं असं सांगतात, पण ते मोठ्या सलग रानात. तुमच्याकडे दोन-अडीच एकराच्या तुकड्या, बांध, वळणं, बी-खत भरायला थांबणं. दिवसाला 8 एकरच धरा. चांगला वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, चार दिवस टिकला तर 32 एकर होतील. उरलेल्या 23 एकरांचं काय, ते मे महिन्यातच ठरवा. एक तर दुसरं यंत्र भाड्याने बोलून ठेवा, नाही तर साध्या यंत्राने पट्टापेर करा (शेवटचा प्रश्न बघा). ‘बघू तेव्हा’ म्हणणारे गट पहिल्या पावसातच फुटतात, कारण यंत्र पाचव्या दिवशी ज्याच्या बांधावर पोचतं त्याच्या रानातली ओल गेलेली असते.

यंत्राचा क्रम पैसे कोणी आधी भरले किंवा पदाधिकारी कोण यावर लावू नका. जमिनीवर लावा. हलकी, मुरमाड, उताराची रानं पावसानंतर आधी वापशावर येतात आणि आधीच सुकतात. भारी काळ्या रानाला दोन-तीन दिवस जास्त लागतात. म्हणून यंत्र आधी माळाच्या रानात, मग मध्यम जमिनीत आणि शेवटी काळ्या रानात न्या. घाईने ओल्या काळ्या रानात यंत्र घातलं तर फणाला चिखल चिकटतो, नळ्यांची तोंडं चोंदतात, बी एका जागी ढीग पडतं आणि पुढे वीस फूट ओळ मोकळी जाते. वर बसलेल्याला ते दिसत नाही, आठ दिवसांनी उगवणीतच कळतं. पेरताना एक माणूस नळ्यांवर नजर ठेवायला यंत्रामागे चाललाच पाहिजे.

करार तोंडी ठेवू नका. एकरी भाडं, डिझेल कोणाचं, चालकाची मजुरी, मोडतोड झाली तर खर्च कशातून, पाऊस आला तर क्रम कसा सरकणार, एवढं एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. प्रशिक्षण सभागृहात घेऊन उपयोग नाही. कृषी विज्ञान केंद्राला सांगा, अर्धा दिवस आमच्याच यंत्रावर, आमच्याच चालकाला आणि शेतात शिकवा.

आणि गटात दुकानदाराला भागीदार करू नका. उधारीवर बी-खत देणारा माणूस गटाच्या बैठकीत बसला की पेरणीची तारीख, वाण आणि खताची मात्रा तोच ठरवतो. खरेदी गटाने एकत्र करा, पक्कं बिल घ्या, दर घासून घ्या. सल्ला मात्र त्याच्याकडून घेऊ नका.

प्रश्न: बीबीएफवर बियाणं किती? दुकानदार म्हणतो एकरी 35 किलो टाका, उगवणीची खात्री नाही. (परभणी)

उत्तर: एकरी 22 किलो. सपाट पेरणीत 30 किलो लागतं, बीबीएफवर साधारण पाव हिस्सा बी वाचतं. 35 किलो टाकून दाटी केली की झाडं उंच आणि लवचीक होतात, फांद्या कमी येतात, हवा खेळत नाही, सप्टेंबरच्या पावसात पीक लोळतं. जास्त बियाण्यात फायदा फक्त बी विकणाऱ्याचा.

उगवणीची खात्री दुकानात मिळत नाही, घरी करावी लागते. ओल्या गोणपाटावर 100 दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, गोणपाट ओलं राहील असं बघा. पाच ते सात दिवसांनी निरोगी कोंब मोजा. असे तीन वेळा करून सरासरी काढा. 70 किंवा जास्त आले तर ठरलेलं माप. 65 आले तर 22 ला 70 ने गुणून 65 ने भागा, म्हणजे पावणेचोवीस किलोच्या आसपास. 60 च्या खाली असेल तर ते बी पेरूच नका. सोयाबीनचं साल पातळ असतं, पोती आपटली की दाणा वरून चांगला दिसतो पण कोंब मेलेला असतो.

यंत्राचं माप रानातच तपासा. चारही नळ्यांना पिशव्या बांधा, यंत्र जमिनीला टेकवून बरोबर 50 मीटर चालवा आणि बी तोला. सरीच्या मध्यापासून पुढच्या सरीच्या मध्यापर्यंत 180 सेंमी असेल तर एकराला यंत्र सुमारे 2250 मीटर चालतं. म्हणजे 22 किलोसाठी 50 मीटरमध्ये चार पिशव्यांत मिळून 490 ग्रॅम, एका पिशवीत 120 ते 125 ग्रॅम पडायला हवं. एखादी पिशवी 80 वर असेल तर त्या नळीची चकती किंवा तोंड बघा. तुमच्या यंत्राची रुंदी वेगळी असेल तर एकराच्या 4047 चौरस मीटरला त्या मीटरने भागा. खोली 3 ते 4 सेंमी. 5 सेंमीच्या खाली गेलेलं बी वर येत नाही, आणि मग दोष बियाण्यावर जातो.

तरीही उगवण फसली तर पिशवी, टॅग, बिल आणि पिशवीतलं मूठभर बी जवळ असलं पाहिजे. त्याशिवाय तालुक्याच्या तक्रार निवारण समितीपुढे तुमचं म्हणणं टिकत नाही.

प्रश्न: खत आणि बीजप्रक्रिया थोडक्यात सांगा. दुकानात डीएपी, दाणेदार टॉनिक आणि महिन्याने युरिया असा संच देतात. (नांदेड)

उत्तर: तो संच परत करा. मराठवाड्यासाठी हेक्टरी 30:60:30 किलो नत्र, स्फुरद, पालाश आणि 20 किलो गंधक. एकरी सिंगल सुपर फॉस्फेट 3 गोण्या, युरिया 26 किलो, पोटॅश 20 किलो, सगळं पेरणीच्याच वेळी. सुपर फॉस्फेटमधून गंधक आपोआप मिळतं, डीएपीतून मिळत नाही. यंत्राच्या पेटीत दाणेदार सुपरच घाला, भुकटी चोंदते. महिन्याने युरिया टाकू नका. सोयाबीन मुळावरच्या गाठींतून नत्र घेतं. वरून युरिया दिला की गाठी सुस्तावतात, पाला माजतो, शेंगा कमी लागतात, आणि मग तोच दुकानदार वाढ थांबवायचं औषध विकतो. पुन्हा सांगतो, महिन्याने युरिया टाकू नका.

बीजप्रक्रियेचा क्रम: आधी बुरशीनाशक (कार्बोक्सिन 37.5 अधिक थायरम 37.5 टक्के, किलोला 3 ग्रॅम), मग खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम 30 एफएस किलोला 10 मिली, सावलीत सुकवून शेवटी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत प्रत्येकी किलोला 25 ग्रॅम. सगळं एका बादलीत कालवलं तर जिवाणू मरतात. हाताने चोळू नका, साल निघतं.

प्रश्न: जूनच्या पहिल्या पावसात पेरू का? शेजारच्या गावात सुरू झालं आहे. (लातूर)

उत्तर: नाही. 75 ते 100 मिमी पाऊस होऊन वीतभर ओल गेल्याशिवाय पेरू नका. महावेध या हवामान केंद्रांच्या जाळ्याचा आकडा महसूल मंडळाचा असतो, तुमच्या रानाचा नाही. पहार घालून वीतभर खणून बघा. खालची माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावी, पण हाताला चिकटू नये. गटाने मंगळवार आणि शुक्रवारचा परभणी विद्यापीठाचा हवामान सल्ला वाचून तारीख ठरवावी. 15 जुलैपर्यंत वेळ आहे. ‘सगळे पेरताहेत’ हे कारण दुकानातला माल हलवण्यापुरतं चांगलं आहे. दुबार पेरणीचं बी तुमच्याच खिशातून जातं.

बीबीएफचा आग्रह याच पावसापायी आहे. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यातली शेतं पाण्याखाली गेली. पावसाच्या खंडात सरीतली ओल वरंब्याला मिळते, अतिवृष्टीत तीच सरी पाणी बाहेर नेते. पण दोन गोष्टी पाळल्या तरच. वरंबे उताराला आडवे हवेत, आणि सरीचं शेवटचं तोंड चराला मोकळं हवं. उताराच्या दिशेने पेरलं तर सरी माती वाहून नेते. तोंड बंद ठेवलं तर सरीत पाणी साचून दोन्ही बाजूंच्या ओळी पिवळ्या पडतात, आणि लोक म्हणतात बीबीएफमुळे पीक गेलं.

प्रश्न: तणनाशक, अळीचं औषध आणि टॉनिक एकाच पंपात चालेल का? (वाशीम)

उत्तर: चालणार नाही. इमॅझेथापायर 10 एसएल हे तणनाशक एकरी 400 मिली, 200 लिटर पाणी, पेरणीनंतर 15 ते 20 दिवसांनी, तण दोन ते चार पानांवर आणि जमिनीत ओल असताना, एकटंच फवारा. फ्लॅट फॅन नोझल लावा, पॉवर पंप नको. तण मोठं झालं म्हणून दुकानदार दीडपट मात्रा सांगेल. मोठं तण त्याने मरत नाही, सोयाबीन पिवळं पडून आठ-दहा दिवस थांबतं, आणि जमिनीत राहिलेला अंश पुढच्या ज्वारीला बाधतो. वेळ चुकली असेल तर खुरपा, मात्रा वाढवू नका.

प्रश्न: यंत्राला अनुदान किती? (जालना)

उत्तर: कृषी यांत्रिकीकरणात अल्प-अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना 50 टक्के, इतरांना 40 टक्के, ठरलेल्या कमाल मर्यादेत. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर, शेतकरी ओळख क्रमांक लागतो. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या गावात असाल तर गावच्या समितीत विचारा. पूर्वसंमती येण्याआधी यंत्र घेऊ नका. विक्रेता म्हणेल आज घ्या, संमती मागाहून करून देतो. तसं घेतलेलं यंत्र अनुदानाला बसत नाही.

प्रश्न: यंत्राची पाळी आलीच नाही, साध्या पेरणीयंत्राने पेरलं तर? (हिंगोली)

उत्तर: पट्टापेर करा. सात फणी यंत्र असेल तर प्रत्येक पाळीला मधल्या फणाचं छिद्र बंद ठेवा, म्हणजे ठरावीक अंतराने एक ओळ मोकळी राहते. पीक 30 ते 35 दिवसांचं झालं की कोळप्याला दोरी घट्ट गुंडाळून त्या मोकळ्या ओळीत सरी काढा. माती दोन्ही बाजूंच्या झाडांना लागते. फुलोरा सुरू झाल्यावर हे काम करू नका, मुळं तुटतात आणि फुलं गळतात.